मेनाईकाठचं शेत : उंदीर आणि करड्या खारींच्या नोंदी, २०२५

५ जानेवारी

आजपासून वही. शेत उत्तर वेल्समध्ये, मेनाई सामुद्रधुनीच्या अलीकडच्या काठावर, बँगोरपासून काही मैलांवर. मालक चौऱ्याहत्तर वर्षांचे. त्यांच्यासमोर मी त्यांना नावाने हाक मारते, कारण इथली रीत तशी. वहीत मात्र आजोबाच लिहिणार. मी आठवड्यातले चार दिवस इथे काम करते. २२० अंड्यांच्या कोंबड्या, ६० मेंढ्या आणि वरच्या अंगाला सुमारे तीन हेक्टर लावलेलं रान. ओक, सिकमोर, बर्च. झाडं पंधरा-सोळा वर्षांची.

कामं दोन. कोंबडीशेडमधले उंदीर कमी करायचे, आणि वसंतात करड्या खारी रानातल्या झाडांची साल सोलतात ते थांबवायचं.

पहिलं काम मोजणीचं. राहुरीला कृषी पदवी करताना शिकवलेली पद्धत इथेही चालते. संध्याकाळी दिसेल ते प्रत्येक बीळ ओल्या मातीने बुजवायचं, सकाळी किती पुन्हा उघडली ते मोजायचं. उघडलेलं बीळ म्हणजे जिवंत बीळ. काल ३१ बुजवली, आज १९ उघडी. शेडच्या मागची भिंत, जुन्या रेल्वे स्लीपरांचा ढीग आणि खाद्याच्या खोलीचा उंबरा, या तीन जागीच १५.

हे इथले तपकिरी उंदीर. आपल्या घुशीपेक्षा अंगाने लहान, पण सवयी तशाच: जमिनीत बीळ, पाण्याजवळ वस्ती, भिंतीला चिकटून चालणं. वेल्श भाषेत उंदराला शब्दशः ‘मोठी उंदरी’ म्हणतात.

९ जानेवारी

विषावरून आजोबांशी तासभर बोलणं झालं. त्यांच्या वडिलांच्या काळापासून विष घालायची रीत. ‘ठेवलं, विसरलो, झालं,’ असं ते म्हणाले.

मला ते नको, याची कारणं त्यांना एकेक करून सांगितली. शेडच्या पलीकडे जुनं दगडी कोठार आहे आणि त्यात गव्हाणी घुबडाची जोडी राहते. ब्रोमाडिओलोनसारखं रक्त पातळ करणारं विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. चार-पाच दिवस मंद होऊन उघड्यावर फिरतो आणि तेवढ्यात घुबड, ससाणा किंवा शेतावरचा कुत्रा त्याला उचलतो. ब्रिटनमध्ये मेलेल्या गव्हाणी घुबडांचं यकृत तपासतात तेव्हा बहुतेकांत या औषधांचा अंश सापडतो. म्हणूनच इमारतींपासून दूर, उघड्या रानात ब्रोमाडिओलोन आणि त्याच जातीचं डायफेनाकूम वापरायला २०२४ अखेरपासून मनाई झाली. शेडच्या आसपास ते अजून कायदेशीर आहे, पण घुबड काही आमच्या शेडची हद्द पाहून उडत नाही.

दुसरं कारण याच मातीतलं. वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्याच जुन्या विषाने न मरणारे उंदीर १९५०च्या दशकाच्या अखेरीस आधी स्कॉटलंडात आणि लगेच वेल्समध्ये वेल्शपूलच्या परिसरात सापडले. त्या वाणाला आजही ‘वेल्श’ प्रतिकारशक्ती म्हणतात. माझा नवरा बँगोरला डॉक्टर आहे, हृदयाच्या रुग्णांना तो हेच वॉरफरिन लिहून देतो. एकच रसायन माणसाला जगवतं, उंदराला मारतं आणि काही उंदरांना काहीच करत नाही, हे त्याच्याशी बोलताना पहिल्यांदा नीट कळलं.

आजोबा शेवटी म्हणाले, “मार्चपर्यंत तुझ्या पद्धतीने कर. नाही जमलं तर मी माझ्या पद्धतीने करीन.” ठरलं.

१४ जानेवारी

एअर रायफल आली. आजोबांचीच, कपाटात पडून होती. पॉइंट टू-टूची, म्हणजे साडेपाच मिलिमीटरचा छर्रा. वेल्स-इंग्लंडमध्ये १२ फूट-पाउंडांपर्यंतच्या, म्हणजे साधारण १६ ज्यूल ताकदीच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. स्कॉटलंडमध्ये २०१६ अखेरपासून लागतो. पण परवाना नाही म्हणजे नियम नाहीत असं नव्हे. जमिनीच्या मालकाची परवानगी हवी, छर्रा हद्दीबाहेर जाता कामा नये, रस्त्यावरून नेताना भरलेली नको आणि उघडी नको. सगळ्यात मोठा नियम प्राण्याला यातना होऊ न देण्याचा.

कॉलेजात एनसीसीत पॉइंट टू-टू चालवली होती. ती दारूच्या काडतुसाची, ही हवेची. खांद्याला धक्का जवळजवळ नाहीच, पण छर्रा नळीत जास्त वेळ असतो, त्यामुळे ट्रिगर दाबल्यावरही हात तसाच धरून ठेवावा लागतो. उस्ताद ओरडायचे ते आठवलं: श्वास अर्धा सोड, थांब, दाब.

२५ मीटरवर दुर्बीण जुळवली. मग कागदावर रुपयाच्या नाण्याएवढे गोल काढून पाच-पाच छऱ्यांचं ग्रुपिंग घेतलं, म्हणजे पाचपैकी किती गोलात पडतात ते पाहिलं. पालथं पडून पाचपैकी पाच आत. बसून चार. उभं राहून दोन. म्हणजे उभ्याने मारायचं नाही, विषय संपला. माझा नियम असा: ज्या जागेवरून आणि ज्या अंतरावर पाचपैकी पाच नाण्यात जातात, तेवढ्याच जागेवरून, तेवढ्याच अंतरावर जिवंत प्राण्यावर नेम धरायचा.

१८ जानेवारी

पहिली रात्र. पाच वाजताच अंधारून आलं. शेडच्या मागे १४ मीटरवर खुर्ची, समोर भिंतीशी वाळूच्या पोत्यांची रांग लावली. दगडावर किंवा पत्र्यावर छर्रा आपटला की कुठेही उसळतो, म्हणून पोती नसतील तिथे बंदूक उचलायचीच नाही. अंधारात पाहणाऱ्या दुर्बिणीवर अवरक्त दिवा बसवला, उंदराला तो दिसत नाही.

कोंबड्या फिरतात त्या कुंपणाच्या आत एकही छर्रा नाही, हे आधीच ठरवलंय. छर्रा शिशाचा असतो. कोंबडी खडे टिपता टिपता तोही गिळेल आणि शिसं अंड्यात उतरेल. आजोबांनी या गोष्टीचा विचार कधी केला नव्हता; ऐकल्यावर ते स्वतः कुदळ घेऊन कुंपणालगतची जुनी निशाणाची पाटी उपटायला गेले.

साडेसहाला पहिला आला. भिंतीला घासत, दोन पावलं, थांबला, पुन्हा दोन पावलं. पेंडीच्या दाण्यांवर बसला आणि पुढच्या पायांत दाणा धरून खायला लागला. दुर्बिणीत त्याच्या मिशा हलताना दिसत होत्या. मी दोन वेळा श्वास सोडला आणि दोन वेळा नुसतीच थांबले. तिसऱ्यांदा दाबलं. तो जागीच पडला, पाय एकदा ताणले आणि संपलं.

आठपर्यंत चार झाले. घरी येऊन जेवण गेलं नाही. लहानपणी कोरेगावच्या आमच्या मळ्यात चुलते उसाच्या बांधावरच्या घुशींच्या बिळात धुरी द्यायचे, भुईमुगाच्या वेळी भरड्यात गूळ-तेल आणि झिंक फॉस्फाईड कालवायचे. तेव्हा मी काही मारत नव्हते, नुसती बघत होते. आज बोट माझं होतं.

१९ जानेवारी

चारही उंदीर लांब दांड्याच्या चिमट्याने उचलले, दुहेरी पिशवीत घातले. रबरी हातमोजे, हातावरच्या ओरखड्यांना आधी पट्टी. उंदराच्या लघवीतून लेप्टो होतो हे २००५च्या पुरानंतर मुंबईत ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगावं लागत नाही. इथे शेतकरी त्याला वाइल्सचा आजार म्हणतात. आजोबा उघड्या हातांनी पाण्याच्या टाक्या धुतात. त्यांच्यासाठी हातमोज्यांचा जोड आणून दाराला टांगला.

२७ जानेवारी

नऊ दिवसांत पाच रात्री बसले. ४, ५, २, १, ०.

आकडा खाली आला म्हणून उंदीर संपले असं नाही. राहिलेले शहाणे झाले. त्या बाजूने यायचंच त्यांनी सोडलं. आज पुन्हा बिळं बुजवून पाहिली: १९ची १६ झालीत. बारा उंदीर मारून तीन बिळं.

हिशेब मांडला. मादी साधारण तीन आठवडे गाभण, एका वेळेला सहा ते दहा पिल्लं, आणि पिल्लू दोन-तीन महिन्यांत स्वतः विणायच्या वयाचं. खाणं-पिणं आणि निवारा आहे तसाच राहिला तर रायफल घेऊन मी आयुष्यभर त्या खुर्चीत बसेन. एक उंदीर दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम खातो. चाळीस उंदीर धरले तर दिवसाला किलोभर खाद्य, म्हणजे महिन्याला पंचवीस किलोचं एक पोतं आणि वर थोडं. आजोबा म्हणतात महिन्याला ‘दीडेक पोतं जास्तच’ जातंय. जुळतंय.

म्हणजे बंदुकीच्या आधी पोत्याचं काम.

१ फेब्रुवारी

माघी गणेश जयंती. आज रायफल कपाटात. इथे मोदकाला ओला नारळ मिळत नाही, सुक्या खोबऱ्यावर भागवलं. आईचा फोन आला. काय काम चाललंय ते सांगितलं तर थोडा वेळ गप्पच बसली. मग म्हणाली, “गणपतीचं वाहन गं ते. पण धान्य खातंय तर काय करणार, तुझे काकाही करायचेच की. हाल करून मारू नकोस म्हणजे झालं.”

तिला सांगितलं की इथे गोंदाचे पुठ्ठे वापरायला बंदी आहे. वेल्सने १७ ऑक्टोबर २०२३पासून जनावरं पकडायचे तारेचे फासे आणि गोंदाचे सापळे दोन्ही बंद केले. ब्रिटनमध्ये हे पहिल्यांदा इथेच झालं. आमच्या साताऱ्याच्या भाड्याच्या खोलीत असा पुठ्ठा ठेवला होता. त्यावर चिकटलेलं लहानसं चिचुंद्रीचं पिल्लू रात्रभर ओरडत होतं. आम्ही चार मुली होतो, एकीलाही त्याला सोडवता आलं नाही की मारता आलं नाही. सकाळी पुठ्ठ्यासकट कचऱ्यात टाकलं, तेव्हा ते जिवंत होतं. ते मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. आज आईला सांगितलं.

२ ते १२ फेब्रुवारी

दहा दिवसांचं काम एकत्र लिहिते.

खाद्याची पोती लाकडी मांडणीवरून पत्र्याच्या पिंपांत, झाकणाला कडी. कोंबड्यांची उघडी भांडी काढून पायपट्टीची भांडी ठेवली: कोंबडी पट्टीवर उभी राहिली तरच झाकण उघडतं, उंदराचं वजन पुरत नाही. कोंबड्यांना शिकायला पाच दिवस लागले. एक म्हातारी तांबडी कोंबडी अजून घाबरते, तिला हाताने घालते.

स्लीपरांचा ढीग हलवला. यात दोन दिवस गेले, पाठ मोडली. खाली बिळांचं जाळं, सुकलेल्या गवताची घरटी आणि कुणीतरी साठवलेले मक्याचे दाणे. शेडच्या तळाला जस्ताची बारीक जाळी, जमिनीखाली ३० सेंटिमीटर आणि तिथून बाहेरच्या अंगाला आडवी वळवलेली, म्हणजे उकरत आला तरी जाळीवरच येतो. दाराखालच्या फटीत अंगठा जात होता. अंगठा जातो तिथे लहान उंदीर जातो. पत्र्याची पट्टी मारली.

भिंतीच्या कडेने उंदीर मारायचे चाप-सापळे ठेवले, लाकडी खोक्यांच्या बोगद्यात, म्हणजे पक्षी किंवा मांजर अडकणार नाही. उंदीर नवीन वस्तूला बिचकतो, म्हणून पहिले पाच दिवस चाप न लावता नुसतं खाद्य ठेवलं. सहाव्या दिवशी लावले. पहिल्या रात्री सहा.

२० फेब्रुवारी

आज चूक झाली.

मेंढ्यांच्या गव्हाणीजवळ उंदीर होता. अंतर माझ्या अंदाजाने १५ मीटर, नंतर मोजलं तर २२. वारा होता. बसून मारलं, तेही पोत्यावर टेकून नाही, गुडघ्यावर. छर्रा मागच्या अंगाला लागला. तो किंचाळला आणि पुढच्या पायांवर ओढत गव्हाणीखाली गेला. चाळीस मिनिटं टॉर्च घेऊन शोधलं, गव्हाण जागची हलत नव्हती. आजोबांना उठवलं. ते काही बोलले नाहीत. पहार घेऊन आले, दोघांनी मिळून उचलली. तो कोपऱ्यात जिवंत होता. मी ते काम संपवलं.

माझा नियम मीच लिहिला होता आणि मीच मोडला. ‘इतका जवळ आहे’ असं वाटलं, मोजलं नाही. आजपासून जिथे बसायचं तिथून दर पाच मीटरला पांढरी खुंटी. बसून मारताना १५च्या खुंटीपलीकडे बोट ट्रिगरवर जाणार नाही. वारा असेल त्या रात्री बसायचं नाही. आठवडाभर रायफल बंद.

आजोबा जाताना म्हणाले, “त्रास होतोय ना? बरं आहे. ज्याला होत नाही त्याला मी बंदूक दिली नसती.”

३ मार्च

जिवंत बिळं ४. महिन्यात चापात १७, रायफलीने ५. खाद्याचं जादा पोतं गेलं नाही. आजोबांनी विषाचा विषय काढला नाही, मीही काढला नाही.

कोठारात घुबडाने टाकलेल्या गोळ्या भिजवून फोडून पाहिल्या. बहुतेक कवट्या शेतातल्या छोट्या, आखूड शेपटीच्या व्होल उंदरांच्या, एक मात्र लहान तपकिरी उंदराची. म्हणजे आमच्याकडचं ती खातायत. विष न घातल्याचं समाधान आज खरं वाटलं.

१६ मार्च

आता रान.

आजोबांबरोबर वर फिरून आले. गेल्या वर्षीच्या जखमा दाखवल्या त्यांनी. सिकमोरच्या बुंध्याला जमिनीपासून हातभर उंचीवर सालीची पट्टीच्या पट्टी सोललेली, आतलं लाकूड काळं पडलेलं. करडी खार मे ते जुलैमध्ये साल काढून आतला गोड रसाचा थर चाटते. दहा ते चाळीस वर्षांची झाडं तिला आवडतात. साल गोल फिरून निघाली तर वरचं झाड मरतं, अर्धवट निघाली तर बुरशी शिरते आणि वादळात शेंडा मोडतो. आजोबांच्या बायकोने लावलेल्या ओकाच्या एका रांगेत अकरापैकी चार गेलेत. त्या आता नाहीत. आजोबा त्या रांगेशी थांबतात, बोलत नाहीत.

१०० झाडांना खडूने क्रमांक टाकले. जुन्या जखमा असलेली ३१.

संध्याकाळी आईला सांगितलं तर या वेळी ती चिडली. “खारूताईला? रामाने पाठीवरून हात फिरवलेली ती! उंदराचं समजलं मला, हे नाही समजत.” मलाही ते जड जातंच. वाळूत लोळून अंगाची वाळू सेतूवर झटकणारी खार मला बालवाडीपासून माहीत आहे, अजूनही छोट्याशा मदतीला मी खारीचा वाटाच म्हणते.

तर तिला सावकाश सांगितलं, आणि इथेही लिहून ठेवते, कारण मलाही ते पुन्हा वाचावं लागणार आहे.

ही ती खार नव्हे. हिच्या पाठीवर पट्टे नाहीत. ही उत्तर अमेरिकेतली, अर्ध्या किलोहून जड. श्रीमंतांनी बागेची शोभा म्हणून आणली. १८७६मध्ये चेशरमधल्या हेन्बरी पार्कमध्ये सोडल्याची नोंद आहे. इथली मूळची खार तांबडी, कानांवर केसांचे झुपके, वजनाने तिच्या निम्मी. करडी खार अर्धी कच्ची ओकफळंही पचवते, त्यामुळे तांबडीच्या तोंडचं आधीच संपतं. वर करडीच्या अंगात खार-देवीचा विषाणू असतो. करडीला त्याने काही होत नाही. तांबडीच्या डोळ्यांभोवती, तोंडाभोवती फोड येतात, तिला दिसेनासं होतं, खाता येत नाही आणि दोन आठवड्यांच्या आत ती मरते. आज ब्रिटनमध्ये करड्या २७ लाखांच्या आसपास, तांबड्या तीन लाखांहून कमी, त्यातल्या बहुतेक स्कॉटलंडमध्ये.

आणि आमच्या समोर, सामुद्रधुनीच्या पलीकडे अँगलसी बेट आहे. तिथे १९९८च्या सुमारास तांबड्या खारी चाळीसच्या घरात उरल्या होत्या. लोकांनी पंधरा-एक वर्षं चिकाटीने करड्या पकडून काढल्या, बेट रिकामं केलं. आता तिथे तांबड्या सातशेच्या घरात आहेत. पण मध्ये पाणी थोडंच आणि दोन पूल. करडी खार पोहतेही आणि पुलावरून चालतही जाते. आमचं रान त्या वाटेवर आहे.

आईला शेवटी म्हटलं, भीमाशंकरचं शेकरू आठव. उद्या कुणी बाहेरची खार आणून सोडली आणि शेकरू रोगाने आंधळं होऊन झाडावरून पडायला लागलं, तर आपण काय केलं असतं? ती म्हणाली, “शेकरूला कुणी हात लावायचा नाही.” मग थोड्या वेळाने, “बरं. पण मला आकडे सांगू नकोस.”

२३ मार्च ते २० एप्रिल

रानाच्या कडेला खाद्याचं खोकं टांगलं, पिवळा मका आणि सूर्यफूल. समोर कॅमेरा. दहा दिवस नुसतं पाहणं. तांबडी येत नाही याची खात्री झाल्याशिवाय बसायचं नाही, कारण उन्हाळ्यात करडीच्याही अंगावर तांबूस झाक येते आणि घाईत फसायला होतं. ओळख कान, शेपूट आणि पोटाच्या रंगावरून.

लपायची जागा खोक्यापासून २० मीटर, पालथं पडून, रायफल दोन पायांच्या टेकूवर. खोक्यामागे जाड ओंडका. फांदीवर उंच बसलेल्या खारीवर कधीच मारायचं नाही: मागे आभाळ असतं आणि छर्रा कुठे उतरेल सांगता येत नाही.

पहाटे सात बैठका, नऊ करड्या. सगळ्या डोक्यात, सगळ्या जागीच. आईने सांगितलं म्हणून फोनवर आकडे नाहीत, वहीत आहेत.

आजोबांनी त्यातल्या तीन सोलून पाय-मांड्यांचा रस्सा केला. इथे कसायाच्या दुकानातही करडी खार मिळते. मी खाल्ली नाही. त्यांनी आग्रह केला नाही.

२७ एप्रिल

सकाळी ६:४० ची चित्रफीत पाच वेळा पाहिली.

तांबडी.

कानांचे झुपके स्पष्ट. आठ सेकंद खोक्यावर, मग उडी. मी आजोबांच्या घरापर्यंत पळत गेले. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं, पुन्हा पाहिलं. म्हणाले, शाळेत असताना या ओढ्याला पाहिली होती. साठ वर्षांहून जास्त झाली. ‘ग्विवेर गोख’, तांबडी खार, असं त्यांच्या भाषेत दोन वेळा म्हणाले, मला सांगायला नाही, स्वतःशीच.

लगेच सगळं थांबवलं. खोकं खाली, जंतुनाशकाने धुतलं, उन्हात. एकाच खोक्यावर दोन्ही खारी खाऊ लागल्या तर रोग आम्हीच तिला वाढला असता. बँगोरजवळच्या रानातल्या कितीतरी तांबड्या याच साथीत गेल्यात. या भागात तांबड्यांची नोंद ठेवणाऱ्या स्थानिक गटाला चित्रफीत पाठवली.

त्यांच्या सल्ल्याने पद्धत बदलली. रायफल घेऊन बसणं बंद. आता फक्त जिवंत पकडणारे पिंजरे, सावलीत, वर फांद्या टाकून, दिवसातून तीन फेऱ्या, रात्री पिंजरे बंद. तांबडी सापडली तर त्याच क्षणी सोडायची आणि तो पिंजरा धुतल्याशिवाय पुन्हा लावायचा नाही. करडी सापडली तर सोडता येत नाही, तो गुन्हा आहे. तिचं पिंजऱ्यातच, जवळून, एका छऱ्यात.

हे काम मला रायफलीच्या बैठकीपेक्षा कितीतरी अवघड जातं. २० मीटरवरून दुर्बिणीत दिसणारी खार आणि पिंजऱ्यात माझ्याकडे बघणारी खार, फरक पडतो. पिंजऱ्यावर आधी गोणपाट टाकते, अंधार झाला की ती शांत होते.

१८ मे

पिंजरा क्रमांक ३. करडी, मादी. काम झाल्यावर उचलताना पाहिलं, आचळं दुधाची होती.

पिल्लं कुठेतरी वर घरट्यात. आजोबा आणि मी दुपारभर रान पालथं घातलं. तीन घरटी दिसली, दोन रिकामी जुनी, एक सिकमोरच्या शेंड्याला, बारा-तेरा मीटरवर. शिडी तिथवर जात नाही आणि फांदी आमचं वजन पेलणार नाही. खाली उभी राहून कान देऊन ऐकलं. काही ऐकू आलं नाही. वाऱ्याचा आवाज होता.

करडी असो की तांबडी, उपाशी पिल्लू उपाशीच असतं. आज पिंजरे लावले नाहीत. आजोबा म्हणाले, या तीन महिन्यांतच साल जाते, आता थांबलो तर बायकोची रांग गेली. त्यांचंही खरं आहे. दोन्ही खरं असताना काय करायचं याचं उत्तर मला आज सापडलेलं नाही. एवढंच ठरवलं की पुढच्या वर्षी मुख्य काम डिसेंबरातच सुरू करायचं, पानं नसतात, घरटी दिसतात, आणि पहिली वीण व्हायच्या आत जेवढं होईल तेवढं उरकायचं. या वर्षी पिंजरे परवापासून पुन्हा, पण फक्त त्या ओकाच्या रांगेभोवती. बाकीच्या सिकमोरांची साल गेली तर जाऊ दे.

२२ जून

क्रमांक टाकलेल्या १०० झाडांत ताज्या जखमा ७. त्यात ओक एकही नाही.

३१ या आकड्याशी थेट तुलना नको, कारण त्यात अनेक वर्षांच्या जखमा होत्या. पण आजोबांना गेल्या उन्हाळ्यातल्या ताज्या जखमा आठवतात त्या ‘वीसेक तरी’. सात म्हणजे कमी, एवढं नक्की.

तांबडी कॅमेऱ्यात आणखी दोनदा. दुसऱ्या वेळी तोंडात शेवाळ धरून चालली होती. शेवाळ घरट्याला लागतं.

२७ ऑगस्ट

गणेश चतुर्थी. शाडूची छोटी मूर्ती बँगोरच्या मित्रमंडळींबरोबर. कॅमेऱ्यातली तांबडी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली. “ही तर पोरीसारखी नटून आलीय,” म्हणाली. नाव काय ठेवलं विचारलं. ठेवलं नाही म्हटलं, जंगली आहे.

२८ सप्टेंबर

शेजारच्या शेतातलं धान्य निघालं. दरवर्षी कापणीनंतर तिथले उंदीर शेडांकडे सरकतात, यंदाही सरकले. जिवंत बिळं ४ची ९. पाच नवी, सगळी कुंपणाबाहेर. जाळीच्या आत एकही नाही. एका ठिकाणी जाळीपर्यंत उकरून सोडून दिलेलं दिसतंय, नखांच्या खुणा आहेत.

चाप पुन्हा मांडले, पाच दिवस न लावता. रायफल तेल पुसून काढली, पुन्हा नाण्यावर पाचपैकी पाच होईपर्यंत चार संध्याकाळी घेतल्या.

मध्य वेल्समध्ये २०१५ ते २०१७ या काळात स्कॉटलंडहून ५१ पाइन मार्टेन आणून सोडले. मुंगसाच्या बांध्याचा, झाडावर चढणारा शिकारी. आयर्लंडमध्ये ते वाढले तिथे करड्या खारी कमी झाल्या आणि तांबड्या परत आल्या: तांबडी हलकी, मार्टेनबरोबर हजारो वर्षं राहिलेली, करडीला त्याची ओळखच नाही. आजोबांना म्हटलं, ते इथवर पोहोचले तर पिंजरे मोडीत काढीन. ते म्हणाले, “आणि कोंबड्या?” शेडच्या छपराची जाळी बघायला हवी.

१९ ऑक्टोबर

जिवंत बिळं ३. महिन्यात चापात ११, रायफलीने ४, चारही १५च्या खुंटीच्या आत.

पश्चिमेच्या दाराखालची पत्र्याची पट्टी एका टोकाला वाकलीय, अंगठा जातोय. उद्या सकाळी ती आधी. मग रानातली घरटी मोजायची, पानं गळायला लागलीत.